कौलावरची कुस्ती

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळं बदललं ते माझी पाठ ओल्या वाळूला लागली तेव्हा. त्याआधीचा सुयश वेगळा, त्यानंतरचा वेगळा. मधला काही वेळ हवेत होता.

मी नागावच्या किनाऱ्यावर आमच्या वाडीतली शहाळी पोचवायला गेलो होतो, बाकी काही नाही. बनाना राइडच्या काउंटरवर एक मुलगी लाईफ जॅकेटं वाटत होती. रांग मोडून पुढे घुसलेला एक गॉगलवाला तिला "ए, जल्दी" म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरायला एवढं पुरतं. कॉलेजात याहून कमी पुरायचं. मी त्याची कॉलर धरली. मागून आवाज आला, "बाजूला हो." मला वाटलं ती त्याला सांगतेय. तेवढ्यात माझ्या कमरेला विळखा पडला, सुरूची झाडं उलटी झाली, आकाश आलं आणि मग वाळू. मी डोळे उघडले तोवर ती परत जॅकेटं वाटायला गेलेली. गॉगलवाल्याने मुकाट्याने रांगेचं शेपूट धरलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. घोडागाडीत बसलेल्या एका बाईने विचारलं, पुढचा शो केव्हा आहे?

पुढचा शो. घरी येईपर्यंत तेच दोन शब्द डोक्यात, आणि डोळ्यांसमोर ती उलटी झाडं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चौकशी केली. नाव तेजस्वी. म्हसळ्याच्या आत कुठेतरी त्यांची भातशेती आहे. कापणी उरकून हंगामापुरती मामाकडे आली आहे. मामा म्हणजे काउंटरवाला अंबाजी, आमच्या गावचं जुनं प्रकरण. तरुणपणी जत्रेजत्रेतून कुस्त्या मारल्या, आता पोट आणि मिशी एवढंच शिल्लक, पण बोलतो असा की मैदान अजून खोळंबलंय. घरात मुलगा नाही म्हणून सगळे डाव भाचीला शिकवले.

बाबांना वाटतंय मला इंजिनिअरिंगच्या सबमिशनची सुट्टी आहे. सप्टेंबरात तोंडी परीक्षेला बाहेरचे सर म्हणाले, "पाठ केलेलं नको, समजलेलं सांगा." मी म्हटलं, दोन्ही नाही, आणि उठून आलो तो आलोच. बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांनी अजून सुट्टीचे दिवस मोजले नाहीत हे माझं नशीब.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अंबाजीमामांना (मी लगेच मामा म्हणायला सुरुवात केली, पुढे सोयीचं पडेल) मोबाइलवर परदेशातले पैलवान दाखवले. लाल चड्ड्या, मुखवटे, धूर. समजावलं की यातलं सगळं आधी ठरलेलं असतं. एक माणूस पडद्यामागे बसून ठरवतो कुणाची कुणाशी जोड लावायची, कुणाला चढवायचं, कुणाला पाडायचं. एखादा नवा पैलवान लोकांच्या मनात भरवायचा तर त्याला वर नेणारा हाच. तो माणूस मी. किनारा आपला, रविवारचं गिऱ्हाईक आपलं, आणि चढवायचं तेजस्वीला.

मामांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे नुरा."

नुरा म्हणजे ठरवून केलेली कुस्ती. मैदानात याहून घाण शिवी नाही. नुरा खेळणाऱ्याला जत्रेत साधा नारळ देत नाहीत, असं त्यांनी मला बराच वेळ सांगितलं. आणि पडायचं ते कुणाच्या सांगण्यावरून, तर ज्याला अजून मिशी नीट फुटली नाही त्याच्या.

तेजस्वी जॅकेटं वाळत घालत होती. तिने मागे न बघता विचारलं, मला चढवणार कोण म्हणे? मी म्हटलं, मी. तेव्हा ती वळली.

"आधी पडायला शिक, इंजिनेर. रविवारी पडलास तो भाताच्या पोत्यासारखा."

मी कसा पडलो ते तिच्या लक्षात आहे. दिवसभरात कितीजणांना जॅकेटं घालते, पण लक्षात मी राहिलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

पहिला शो. लिहवत नाही, तरी लिहितो.

ओहोटीच्या वाळूत चार खांब, त्यांना जाळ्याचे दोर, वर जाळी तरंगत ठेवणारे रंगीत बोये. आखाडा देखणा झाला होता. तेजस्वीला जोड म्हणून किहीमहून गणराज आणला. त्याची तिथे व्यायामशाळा आहे. दंडांना तेल लावून आला आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "लागलं तर सांग हां." तिथेच मला तो आवडेनासा झाला. तू हरायचं आहेस, हे वडापाव खाताना कबूल करून घेतलं होतं.

आयत्या वेळी पठ्ठ्या पाठच टेकेना. खाली बसला तो फणसासारखा. तेजस्वीने ओढला, ढकलला, शेवटी कंटाळून ती त्याच्या शेजारी बसली. पर्यटक भजी खायला उठले. मग मामा उतरले. 'नुरा' म्हणत म्हणत त्यांनीही हरायचं कबूल केलं होतं. त्यांनी सख्ख्या भाचीला पाडलं आणि मिशीवर ताव दिला.

टाळ्या पडल्या त्या एकाच गोष्टीला. गोदूमावशी मासळी विकून परतताना थांबली होती. तिला हे सगळं खरं वाटतं. ती टोपली खाली ठेवून दोरांतून आत शिरली आणि तिने मामांना छत्रीने ढोसलं. "भाचीला पाडतोस, मेल्या? तुला लाज हाय का?"

मी सगळ्यांवर ओरडलो, खांबाला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गावदेवीला तगरीच्या कळ्या आमच्या वाडीतून जातात, आजोबांच्या आधीपासून. आज मी लंगडत असूनही आईने मलाच पाठवलं. देवळात दोन भाऊ उभे होते. बांधावरच्या एका माडावरून त्यांचं वाजलेलं. पंचायत झाली, मोजणी झाली, दोघेही कुणाला बधले नाहीत. शेवटी देवीचा कौल.

विठोबाकाका गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. देवीच्या पाषाणाला पाणी लावून दोन कळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर माड थोरल्याचा, डावी पडली तर धाकट्याचा. आम्ही बघत बसलो. उजवी पडली.

धाकट्याने हात जोडले, प्रसाद घेतला आणि थोरल्याच्याच स्कूटरवर मागे बसून घरी गेला.

ज्याला सरकार पाडू शकलं नाही त्याला एका कळीने चीत केलं, आणि वर तो खूश. मी देवळाच्या पायरीवर बसलो आणि मला हसू आवरेना.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मागच्या पडवीत पाटा उभा करून दिवसभर प्रयोग. पाणी सारखं लावलं तरी टपोरी कळी आधी पडते. बारकी, चपटी कळी चिकटून राहते. आई म्हणाली, हे काय चाललंय? मी म्हटलं, फिजिक्स.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तिघांना देवळात नेलं. सांगितलं, मी कोण ठरवणारा, देवी ठरवेल. प्रश्न असा की उद्या तेजस्वी जिंकावी का? उजवी म्हणजे हो, डावी म्हणजे नाही.

पानावर कळ्या मीच मांडून दिल्या, उजव्या बाजूला टपोरी. विठोबाकाकांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि जशा होत्या तशा लावल्या. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी खाली.

गणराजने डोळे मिटून नमस्कार केला. म्हणाला, तिचीच इच्छा असेल तर आपली बॉडी काय चीज आहे. मामा मात्र कितीतरी वेळ देवीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिनं सांगितलं तर पडीन. तुझ्या बापानं सांगितलं असतं तरी पडलो नसतो."

तेजस्वीने पडलेली कळी उचलून केसात खोचली. मला जरा अपराधी वाटलं. देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत वाटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

काय सांगू. गणराज असा पडला की वाळू पहिल्या रांगेपर्यंत उडाली. मामा तर नवस फेडल्यासारखे पडले, दोन्ही हात पसरून, वर देवीचं नाव घेत. लोक उभे राहिले. तेजस्वीला खांद्यावर घेतलं. जाताना ती माझ्याकडे बघून हसली.

किंवा माझ्या मागच्या शहाळीवाल्याकडे बघून. पण बहुतेक माझ्याकडे.

९ डिसेंबर, मंगळवार

परवाही तीच जिंकली. शनिवारी कौल, रविवारी विजय, आपलं यंत्र बसलंय.

एकच खटकतं. ती दर मंगळवारी किहीमला जाते. गणराजच्या व्यायामशाळेत. दोन्ही कोपरं सोलून परत येते. विचारलं तर म्हणते, गादीवर पडत होते. मी याचा खूप विचार केला. प्रेमात कोपरं सोलतात का?

१४ डिसेंबर, रविवार

गर्दी निम्मी. तेजस्वीने मामांना उचलून आपटलं तेव्हा पुढच्या रांगेतला माणूस मोबाइलवर हॉटेलचा मेनू वाचत होता.

गोदूमावशी अर्ध्यातून उठून निघाली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी धंदा बसतो म्हणून नाराज असेल असं वाटलं, तर म्हणाली, "तुझी पोरगी पडतच न्हाय. मग मी छत्री कशाला आणू?" म्हातारीला खेळातलं काही कळत नाही. जिंकणाऱ्याला बघायला लोक येतात, हे साधं आहे.

नंतर तेजस्वीही चिडली. दोर गुंडाळत होती, मी मदतीला गेलो तर टोक माझ्या हातातून ओढून घेतलं. म्हणाली, गणराज डोळे मिटून पडतो, मामा देवाचं नाव घेऊन पडतो, मी एकटीच उभी राहते खांबासारखी.

"तू मला चढवतोस का जपतोस? एकदा ठरव."

मी म्हटलं, दोन्ही. यावर तिने जे केलं त्याला आमच्याकडे नाक मुरडणं म्हणतात, पण तिला तेही शोभतं.

१७ डिसेंबर, बुधवार

आज सगळं क्षमा. दुपारी तिने मला सोलकढी दिली. तिच्याच ग्लासातली. आणि विचारलं, मांडव्याहून मुंबईला पहिली बोट केव्हा सुटते, पलीकडे उतरून दादरला कसं जायचं, सामान न्यायला देतात का.

तिला बोटीची हौस आहे. मी मनात ठरवलं की संक्रांतीच्या आसपास न्यायचं. डेकवर बसवायचं, सीगलना खायला घालायला शेवेचं पाकीट घ्यायचं. सामान म्हणजे डबा वगैरे असेल.

२० डिसेंबर, शनिवार

मुंबईहून फोन. ऋतिका मॅडम म्हणून कुणी आहेत, त्यांची कुस्तीच्या शोची कंपनी आहे. आमच्या शोची रील कुणीतरी त्यांना पाठवली होती, एकदा नाही, चार-पाचदा. कोण हा भला माणूस कळत नाही. त्या पुढच्या रविवारी, २८ तारखेला, बघायला येणार आहेत. एकाला निवडणार. वर्षभर दादरला राहायची सोय, शिकवणं, मग देशभर शो.

मी ओरडत काउंटरकडे पळालो. तेजस्वीने ऐकलं आणि हातातलं जॅकेट खाली ठेवून वाळूत बसली. मग म्हणाली, "बाबा म्हणतात येत्या मे महिन्यात लगीन उरकू. वर्षभर बाहेर राहिले तर थांबतील." मग ती हसली. इतकं मोठं हसू मी तिचं पाहिलं नव्हतं.

घरी परतताना अर्ध्या वाटेवर माझे पाय थांबले. वर्षभर. दादर. सामान.

२२ डिसेंबर, सोमवार

खरं लिहितो, इथे कुणी बघत नाही.

तेजस्वी जिंकली तर तेजस्वी जाणार. मीच चढवलेली. म्हणजे माझ्या हाताने मी तिला बोटीत बसवायचं आणि गणराजसारखे लोक तिला दादरला भेटायला जाणार.

आणि मग युक्ती सुचली. जिंकणार गणराज! जाणार गणराज! एकाच कळीत दोन कामं. तो मुंबईला, ती नागावला. लग्नाचं बघू, मेपर्यंत पुष्कळ वेळ आहे, आणि लग्नाला नवरा लागतो. तो काही म्हसळ्यातच मिळतो असं नाही.

मुंबईची हवाही वाईट आहे.

२७ डिसेंबर, शनिवार

कौल लावला.

तेजस्वी जिंकावी का, हाच प्रश्न. पानावर टपोरी कळी या वेळी डावीकडे मांडली. विठोबाकाकांनी पान घेतलं, पाठमोरे झाले, पाणी लावलं. आज वेळ लागला. मामांनी दोनदा मिशी पिळली. गणराज पुटपुटत होता. तेजस्वी माझ्याकडे बघत नव्हती, पाषाणाकडेही नाही, कुठेतरी मधेच.

डावी पडली.

गणराज तर घाबरलाच, म्हणाला, परत एकदा विचारूया का? विठोबाकाका म्हणाले, देवीला तेच तेच विचारायचं नसतं.

तेजस्वीने वाकून कळी उचलली, तळहातावर घेतली, बघितली. "आज बारकी पडली," एवढंच म्हणाली. मला वाटलं चिडेल, रडेल. तर तिचा चेहरा एकदम निवला. म्हणाली, देवीचं म्हणणं तर पडते, पण पडायचं कसं ते माझं मी ठरवणार. मी घाईघाईने हो म्हटलं.

बारकी नव्हती ती, टपोरी होती. मीच निवडलेली. पण तिला कळीतलं काय कळतं.

जेवण गेलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार

अजून कानात समुद्र वाजतोय. क्रमाने लिहितो.

भरतीची वेळ होती. पाणी चढत चढत आखाड्याच्या दोरापर्यंत आलं होतं आणि बोये हलायला लागले होते. ऋतिका मॅडम पुढे खुर्चीत, पायात पांढरे बूट, मागे त्यांचा ड्रायव्हर गाडीला टेकून. गर्दी बरी होती, कुणाला फारशी आशा नव्हती. तेजस्वी जिंकणार हे सगळ्यांना पाठ झालेलं.

गणराजने तिला पहिल्यांदा आपटलं तेव्हा भजीवाल्याचा झारा थांबला. ती कुशीवर पडली. बोयाच्या आधाराने उठली, केसातली वाळू झटकली आणि त्याला हाताने खूण केली, ये. दुसऱ्यांदा त्याने खांद्यावर घेऊन टाकलं. मी किनाऱ्यावर वाढलो आहे, माणूस वाळूवर पडतो तो आवाज मला ठाऊक आहे, आणि हा तो नव्हता. मी दोरापर्यंत धावलो. ती एका गुडघ्यावर आली होती. तिने माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली. मी मागे झालो.

गोदूमावशी म्हणत होती, "उठ गं बाय, उठ." हळूहळू सगळे तेच म्हणायला लागले. गुजरात्यांचं एक कुटुंब होतं, तेही त्यांच्या भाषेत तेच म्हणत होतं.

ती उठली. पाणी आता घोट्याला. गणराजच्या डोळ्यांत मला भीती दिसली. त्याला पाडायचं होतं आणि पाडवत नव्हतं. तिनेच त्याच्या कानात काही सांगितलं. मग त्याने तिला उचललं, डोक्याच्या वर, आणि ती एवढी सरळ, एवढी निवांत, जशी वर झोपलीय. आणि मग पाणी. तिची पाठ लागली. लाट तिच्यावरून गेली आणि परत आली.

टाळी नाही, काही नाही. तेजस्वी स्वतः उठली. गणराजपाशी गेली आणि त्याचा हात वर केला.

तेव्हा किनारा फुटला. सगळे पाण्यात धावले, ते तिच्याकडे. जिंकल्याचा नारळ हातात घेऊन गणराज एकटा उभा. त्याच्याकडे फक्त गोदूमावशी गेली, छत्री घेऊन. त्याने बनाना बोटीवर चढून जीव वाचवला.

ऋतिका मॅडम बूट भिजवत आल्या. म्हणाल्या, "जीतनेवाले माझ्याकडे ढीगभर आहेत. ही पडली आणि माझा ड्रायव्हर रडला. माझी आई गेली तेव्हाही तो रडला नव्हता." निवडली ती तेजस्वी. मग त्यांनी विचारलं, ही कुस्ती लिहिली कुणी? आधी सारखं जिंकवत ठेवायचं आणि नेमकं आज हरवायचं, हे सुचलं कुणाला?

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मामांनीसुद्धा.

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो? तेजस्वी ओले केस पिळत माझ्याकडे बघत होती.

२९ डिसेंबर, सोमवार

सकाळी उठून देवळात गेलो. विठोबाकाका चिंचेने समया घासत होते. मी सगळं सांगितलं. पाटा, टपोरी कळी, पहिला कौल, शेवटचा कौल, बोट, गणराज, सगळं. ते घासत राहिले.

पहिल्या दिवशीच ओळखलं होतं म्हणाले. पोरगी जिंकते तर देवी कशाला रागवेल, म्हणून गप्प बसले. पण परवा टपोरी कळी डावीकडे दिसली तेव्हा त्यांना राग आला.

"म्हणून पाठ केली आणि अदलाबदल केली. तुझी टपोरी उजवीकडे लावली, बारकी डावीकडे."

मला काही सुधरेना. मी म्हटलं, मग पडायला हवी होती उजवी. पडली ती डावी कशी? बारकी कशी पडली?

त्यांनी समई उन्हात धरून बघितली. "ते तिला विचार. मी नुसतं पाणी लावतो."

मी त्यांना हात जोडून म्हटलं, हे कुणाला सांगू नका. ते म्हणाले, मी कशाला सांगतोय. तेव्हा मागे सभामंडपाच्या पायरीवर टोपली उचलल्याचा आवाज आला. गोदूमावशी.

दुपारपर्यंत बंदरापासून बाजारापर्यंत माझं नाव बदललं होतं. आता मी कळीचोर. शहाळीवालासुद्धा माझ्याकडून शहाळी घेईना. आईने वाडीतल्या तगरीला हात लावायची बंदी केली.

३१ डिसेंबर, बुधवार

दोन दिवस तोंड चुकवलं. आज तेजस्वीच वाडीत आली. माझ्या समोर माडाच्या बुंध्याला टेकून उभी राहिली. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं, तिने हाताने थांबवलं.

तिला पहिल्या कौलापासून माहीत होतं. केसात खोचली ती टपोरी कळी तिने घरी जाऊन पाटीवर चिकटवून बघितली होती, माझ्यासारखीच. मग जिंकत का राहिलीस, असं मी विचारलं. म्हणाली, तोवर गणराजकडे पडायला शिकत होते. रीलही तीच पाठवत होती, हेही सांगून टाकलं.

"त्या दिशी डावीकडे टपोरी पडली असती ना, तर गणराजला पहिल्या झटक्यात आपटला असता आणि मग तुला. बारकी पडली तेव्हा म्हटलं, हे तुझं न्हाय. म्हणून मनापासून पडले."

मी म्हटलं, तू जाऊ नयेस म्हणून केलं मी. हे मी इतक्या हळू म्हटलं की मलाच ऐकू आलं नाही. तिला आलं. ती थोडा वेळ पायाने सुकी झावळी मोडत राहिली. मग म्हणाली, ज्याला खरंच कुणाला चढवायचं असतं त्याला खाली राहता आलं पाहिजे, मामाला एवढी वर्षं ते जमलं नाही, तुला बघू.

रविवारी तिची इथली शेवटची कुस्ती. सोमवारी सकाळची बोट. शेवटची जोड कुणाशी लावायची ते तिने ठरवलंय. माझ्याशी.

"कौल?" मी विचारलं.

"कौल न्हाय, कळ्या न्हाय."

"मग जिंकणार कोण?"

ती इतकी हसली की मामा रस्त्यावरून डोकावले. जाताना म्हणाली, "चांगला पडलास तर मांडव्याला सोडायला ये."

२ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस किहीमला. गणराज शिकवतो. माणूस वाईट नाही. हनुवटी छातीला, श्वास सोडायचा, हात आधी वाळूला. माझी दोन्ही कोपरं सोलली आहेत. म्हणजे सोलतात तर.

४ जानेवारी, रविवार

किनाऱ्याला लागूनच्या नारळ सोलायच्या खोलीत बसून लिहितोय. हीच आज माझी तयारीची खोली. अंगात गणराजची लाल चड्डी. काल पौर्णिमा झाली, ओहोटी लांबवर गेली आहे, वाळू पार दूरपर्यंत उघडी. एवढी माणसं मी या किनाऱ्यावर पाहिली नाहीत. म्हसळ्याहून टेम्पो आलाय, तिचे आईबाबा पुढच्या रांगेत बसलेत. तिचे बाबा दर थोड्या वेळाने शेजारच्याला सांगतात, ती माझी. विठोबाकाकाही आलेत, देवळाला कडी लावून.

मामांनी माइक घेतलाय. माझी ओळख करून देताहेत: देवीच्या कळ्या मारणारा, गावाला फसवणारा, भाताचं पोतं. प्रत्येक नावाला लोक हुर्यो करतात. गोदूमावशीने नवी छत्री घेतलीय. आयुष्यात माझ्यासाठी इतके लोक कधी जमले नव्हते. तिच्यासाठी जमलेत खरं तर, पण मी वाईट नसतो तर इतके जमले नसते. हे आज मला नीट कळतंय आणि त्याचं वाईट वाटत नाहीये. थोडंच वाटतंय.

आत्ताच बाबा येऊन गेले. हातात खोबरेल तेलाची वाटी. माझ्या सोललेल्या कोपरांना लावलं. म्हणाले, "सप्टेंबरपासून सबमिशन चाललंय. एवढं तर पीएचडीला नसतं." मी चड्डीची नाडी आवळली. ते म्हणाले, त्याचं उद्या बघू, मांडव्याहून परत आल्यावर. मी विचारलं, मांडव्याला जायचं तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनी वाटी उचलली आणि दाराशी थांबले. "पडताना मान वर ठेव," म्हणाले.

सगळ्यांनी माझं पडणं गृहीत धरलंय. मी मात्र ठरवलंय, लगेच पडायचं नाही. तिला घाम फुटला पाहिजे. तिच्या बाबांना वाटलं पाहिजे की गेली ही. गोदूमावशी दोरांतून आत आली पाहिजे. मगच ती मला उचलेल, सुरूची झाडं उलटी होतील, आकाश येईल, आणि या वेळी मी डोळे उघडे ठेवणार.

बाहेर ताशा सुरू झाला. ती माझं नाव घेऊन बोलावतेय. कळीचोर नाही, इंजिनेर नाही, सुयश.

आता वही नारळांच्या ढिगावर ठेवतो, पेन तिच्यात घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.